पहिल्या वर्षी शर्यत नको, पिल्लं सांभाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागात शर्यतीची कबुतरं पाळणारी तरुण मुलं अलीकडे गल्लोगल्ली दिसायला लागली आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मी वडगावात यंत्रमाग चालवतो, माझी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर, मागाच्या वरच गच्चीवर आहे आणि हा नाद मला वडिलांकडून लागला. पण या आनंदाला एक काळजी चिकटलेली आहे, ती चारचौघांत मांडावी म्हणून हे पत्र लिहितोय. यातली बरीच मुलं पहिल्याच हंगामात सगळी पाखरं घालवून बसतात. मग ढाबळीच्या फळ्या भंगारात जातात आणि मुलगा पुन्हा कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसलेला दिसतो. दोष ते ससाण्याला देतात, नशिबाला देतात. मला विचाराल तर बहुतेक वेळा सुरुवातच उलटी झालेली असते. आधी महागडं मोठं पाखरू, लगेच लांबची शर्यत, आणि पिल्लं वाढवणं जमलं तर शेवटी. हे सरळ व्हायला हवं. आधी जवळपासच्या ढाबळीतली चार-सहा पिल्लं आणावीत, वर्षभर त्यांच्यामागं राहावं आणि शर्यतीचं नाव दुसऱ्या वर्षी काढावं.

आपल्याकडे कबुतरांचा नाद जुना, पण तो जास्त करून गिरेबाजांचा आणि शेपूट फुलवणाऱ्या लक्क्यांचा. गिरेबाज घराच्या डोक्यावर उंच फिरत राहतो, तो किती तास हवेत टिकतो यावर त्याची किंमत. होमरचं, म्हणजे शर्यतीच्या कबुतराचं, काम निराळं. त्याला पेटीत घालून अनोळखी मुलखात न्यायचं आणि सोडायचं, बाकी घर शोधणं त्याच्याकडे. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर निरोपाची यंत्रणा उभी केली होती. १९८२चा महापूर आणि १९९९चं चक्रीवादळ, दोन्ही वेळी तारा-टेलिफोन बंद पडल्यावर या पाखरांनी निरोप पोचवले. हा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आलेला आहे. म्हणून होमर आणि गिरेबाज यांची जोडी लावून "बघू काय निघतंय" असं करू नये. त्यातून धड उंच उडणारं निघत नाही आणि धड घरी येणारंही नाही.

घराची ओढ हाच होमरचा गुण, आणि नवख्याचं नुकसान नेमकं त्यामुळेच होतं. जे पाखरू एकदा एखाद्या ढाबळीतून मोकळं उडालेलं आहे, त्याच्या डोक्यात ते घर पक्कं बसलेलं असतं. तुम्ही ते विकत आणा, महिना-दोन महिने कोंडून ठेवा, करडई आणि हरभरा खाऊ घाला. दार उघडलं की ते जुन्या मालकाच्या वाटेला लागतं. वर्ष उलटल्यावर सोडलेली पाखरंसुद्धा परत गेल्याचं मी पाहिलंय. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या बी.कॉम.ला असलेल्या एका मुलाने सुट्टीच्या दिवशी दुकानात काम करून पैसे साठवले आणि 'बेल्जियम लाइन', म्हणजे बेल्जियमच्या पाखरांच्या वंशातली, म्हणून एक जोडी घेतली. सोबत रंगीत छापील वंशावळ, आजा-पणजाच्या फोटोंसकट. तीन-एक आठवड्यांनी त्याने गच्चीवरून जोडी सोडली. नराने दोन घिरट्या घातल्या, उत्तरेकडे तोंड केलं आणि गेला. मादी त्याच्या मागोमाग. मी विचारलं तेव्हा तो मुलगा एवढंच म्हणाला, "कागदावर सगळं लिहिलेलं होतं की वो काका." विकणाऱ्याला काय होणार ते ठाऊक असणारच, त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. याचा मला फार राग येतो. मोठं पाखरू विकताना "हे फक्त जोडीसाठी, उडवायचं नाही" एवढं सांगणं हे विकणाऱ्याचं कामच आहे.

मुलं मला 'न्यू किम'ची बातमी दाखवतात. नोव्हेंबर २०२० मध्ये बेल्जियममधली ही दोन वर्षांची मादी लिलावात १६ लाख युरोला गेली. केवढा पैसा आहे बघा यात, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना त्याच बातमीतलं पुढचं वाचायला सांगतो. ती मादी शर्यतीतून आधीच बाजूला काढलेली होती आणि चीनच्या ग्राहकाने ती घेतली पिल्लं काढायला. त्या वेळी जगात सर्वांत महाग ठरलेलं पाखरूसुद्धा नव्या मालकाला उडवता येत नाही, मग तुमच्या-माझ्या हातातलं कसं उडवता येईल?

पिल्लू मात्र तुमचंच होऊन राहतं. अंडी साधारण १८ दिवसांनी फुटतात. पहिले काही दिवस नर आणि मादी दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दूध पिल्लांना भरवतात, नंतर हळूहळू भिजलेला दाणा. २५ ते ३० दिवसांचं पिल्लू स्वतः दाणे टिपायला लागतं, पंखाखाली पिसं भरलेली असतात, मानेवर मात्र अजून पिवळी लव दिसते. या वयात ते नव्या ढाबळीत आणावं. बाहेरचं आभाळ त्याने पाहिलेलं नसतं, म्हणून तुमची गच्ची हेच त्याचं घर होतं.

पिल्लू घेताना पायातली रिंग बघा. खरी रिंग अखंड असते, तिला जोड नसतो. ती साधारण सातव्या दिवशीच घालता येते. पिल्लाची पुढची तीन बोटं एकत्र चिमटीत धरायची, त्यावरून रिंग सरकवायची, मागचं बोट पायाला मागं चिकटवून धरायचं आणि रिंग वर गेली की ते बोट आगपेटीच्या काडीने हळूच खालून मोकळं करायचं. पिल्लू जरा चुळबुळ करतं, बाकी काही नाही. दोन-तीन दिवस आधी घातली तर घरट्यात गळून पडते, दोन-तीन दिवस उशीर झाला तर पंजाच आत जात नाही. त्यामुळे अखंड रिंग आणि तिच्यावरचं साल हा पाखराच्या वयाचा पक्का पुरावा. कापून पुन्हा दाबलेली किंवा नुसती प्लास्टिकची चिमटा-रिंग असेल तर विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका.

पाखरू हातात घ्यायलाही शिकावं लागतं. पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, अंगठा पंखांच्या टोकांवर, दुसरा हात छातीखाली. छातीचं हाड बोटाला सुरीच्या धारेसारखं लागलं तर पाखरू उपाशी किंवा आजारी. नाकावरची गाठ निरोगी मोठ्या पाखराची पांढरीशुभ्र असते, पिल्लाची गुलाबीसर. चोच उघडून घसा बघा, आत पिवळट चिकट थर दिसला तर ते पिल्लू घेऊ नका, तो घशाचा रोग बाकीच्यांना पाण्यातून लागतो. आणि ढाबळीच्या फळीवर बघा. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली विष्ठा आणि आजूबाजूला बारीक लव पडलेली असेल तर त्या घरची पाखरं बरी आहेत, असं समजावं.

ढाबळ मोठी नको. दहा पाखरांना सहा फूट बाय चार फूट पुरते, माणूस आत उभा राहील एवढी उंची असावी, म्हणजे साफसफाईचा कंटाळा येत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. म्हणून ढाबळीची पाठ पश्चिमेला आणि जाळीचं तोंड पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. कबूतर थंडी सोसतं, ओल सोसत नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच उचला, जाळी एवढी बारीक घ्या की घूस आणि मांजर यांचा पंजा आत जाणार नाही. आत यायचा सापळा असा करा की लोंबत्या तारा ढकलून पाखरू आत येईल पण बाहेर जाणार नाही. खर्च इथं करा. जे पैसे छापील वंशावळीला जातात, ते फळ्या आणि जाळीला जाऊ देत.

खाण्याची आपल्या भागात अडचण नाही. शाळू, मका, गहू, हरभरा, मसूर, वाटाणा आणि करडई, सगळं इथल्या बाजारात मिळतं. एका पाखराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम, म्हणजे दहा पाखरांना महिन्याला नऊ-दहा किलो. पिल्लांना आणि लांबून आलेल्या पाखरांना कडधान्य जास्त, ऐन पावसाळ्यात बसून असताना कमी. शिंपल्यांचा चुरा, विटांचा चुरा, थोडं मीठ वेगळ्या भांड्यात कायम असू द्या. दाणे पोटात दळायला खडे लागतात आणि अंड्याच्या कवचाला चुना. पाणी रोज बदलायचं. कबूतर चोच बुडवून ओढून पाणी पितं, त्यामुळे घाण पाण्यातून रोग झपाट्याने फिरतो.

आता खरं काम. नवी पिल्लं आल्यावर आठ-दहा दिवस ढाबळीच्या वर जाळीच्या पिंजऱ्यात रोज थोडा वेळ ठेवा, त्यांना आजूबाजूची छपरं, टाक्या, झाडं बघू द्या. दाणा टाकताना रोज एकच खूण करा, शिट्टी म्हणा किंवा डब्यात दाणे वाजवणं म्हणा. मग एका संध्याकाळी दाणा द्यायच्या आधी, भुकेलेली असताना, दार उघडं ठेवा. हाकलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. ती आपण होऊन छपरावर येतात, मान वाकडी करून आभाळ बघतात, एखादं घाबरून शेजारच्या टाकीवर बसतं. डबा वाजवला की आत. असं रोज. काही आठवड्यांत थवा घराभोवती फिरायला लागतो आणि एक दिवस तो नजरेआड होतो, अर्धा-पाऊण तास दिसतच नाही. मुलांच्या पोटात गोळा येतो तो हा दिवस. माझ्या मते हाच दिवस सगळ्यांत चांगला. पाखरं स्वतःहून मुलूख बघायला बाहेर पडली, आता ती पेटीत घालून न्यायला हरकत नाही.

नेण्याची दिशा एकच ठरवा. बेळगावकरांना पुणे-बंगळूर महामार्गाची रेघ फार सोयीची आहे. आधी गावाबाहेर दोन-तीन किलोमीटर, मग काकती, मग वंटमुरी घाटाच्या पलीकडे, हत्तरगी, संकेश्वर आणि शेवटी निपाणी. संकेश्वर हवाई अंतराने साधारण ४५ किलोमीटर, निपाणी ६० च्या थोडं वर. प्रत्येक ठिकाणाहून पाखरं नीट घरी येईपर्यंत पुढे सरकू नका. खानापूरच्या पश्चिमेला जंगल आहे, चोर्ला आणि आंबोलीकडे ढग आणि दऱ्या आहेत, तिथून नवखी पाखरं सोडायला जाऊ नका. बैलहोंगल, सौंदत्तीकडची उघडी काळी रानं त्यापेक्षा कितीतरी बरी. रोमजवळ पाखरांच्या पाठीवर जीपीएस बांधून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अनेक पाखरं महामार्गावरून उडत जातात आणि फाट्यावर वळतातसुद्धा. आमच्या वडिलांना जीपीएस माहीत नव्हतं, पण तेही पाखरं सडकेच्या कडेलाच सोडायचे.

ढगाळ दिवशी सोडू नका, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. कबूतर दिशेसाठी सूर्य वापरतं आणि पृथ्वीचं चुंबकत्वही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विल्यम कीटन यांनी पाखरांच्या पाठीवर छोटे चुंबक लावून बघितलं होतं, ते काम १९७१ साली प्रसिद्ध झालं. ऊन असताना चुंबक लावलेली पाखरंही घरी आली, आभाळ भरलेलं असताना त्यातली पुष्कळ भरकटली. मोठ्या, अनुभवी पाखराला ढगातही वाट सापडेल. पिल्लाला आधी उन्हात शिकू द्या. सकाळी धुकं विरल्यावर सोडायचं, पेटी जमिनीवर ठेवून आधी पंधरा-वीस मिनिटं पाखरांना शांत होऊ द्यायचं, पेटीत दाटीवाटी करायची नाही. हिवाळ्यात बहिरी ससाणा येतो, शिक्रा बाराही महिने असतो, काही पाखरं त्यांच्या वाट्याला जातात. ते कुणाच्या हातात नाही. भर दुपारी तहानलेली पाखरं निपाणीच्या टोलनाक्याजवळ उघडून मोकळं होणं हे मात्र आपल्या हातात असतं.

मागावर नवा कारागीर आला की पहिल्याच आठवड्यात कोणी त्याच्या हाती रेशमाचा ताणा देत नाही. पाखरांचंही तसंच. पहिल्या वर्षी निपाणीहून सगळी पिल्लं घरी आली तर त्या मुलाने पेढे वाटावेत, एवढं ते मोठं काम आहे.

शर्यतीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण त्यावरून भांडणं होतात. आधी घरी आलेलं पाखरू जिंकलं असं नसतं. प्रत्येक ढाबळीचं सोडण्याच्या जागेपासूनचं हवाई अंतर मोजतात आणि मिनिटाला किती मीटर हा वेग काढतात. समजा कोल्हापुरातून सकाळी सातला पाखरं सुटली. बेळगावची ढाबळ ९८ किलोमीटरवर, तिथलं पाखरू ८ वाजून ३८ मिनिटांनी आलं, वेग मिनिटाला १००० मीटर. खानापूरची ढाबळ १२१ किलोमीटरवर, तिथलं पाखरू ८ वाजून ५५ मिनिटांनी आलं, वेग १०५२ मीटर. सतरा मिनिटं उशिरा येऊनही खानापूरचं पाखरू पुढे. म्हणूनच पाखरू छपरावर बसून चालत नाही, आत येऊन त्याची वेळ नोंदली गेली पाहिजे, आणि छपरावर रेंगाळणारं पाखरू पहिल्या वर्षीच्या आळसाने तयार होतं. कोणत्या शर्यतीत उतरायचं, कोणत्या क्लबात जायचं हे पुढचं पुढे. पैशाची पैज लावणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. पैज आली की आजारी पाखरूही पेटीत जातं.

आजारांविषयी थोडकं लिहितो. पाखरू एकाएकी भरमसाट पाणी प्यायला लागलं, विष्ठा पाण्यासारखी झाली, दाणा टिपताना चोच बाजूला पडायला लागली किंवा मान पिळली, तर ते लगेच वेगळं करा आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पाखरांची लस आधीच त्यांना विचारून घ्यावी. पाखरांना होणारा देवीचा रोग डासांमुळे पसरतो, म्हणून पावसाळ्यात ढाबळीजवळ पाणी साचू देऊ नये. आणि आपली स्वतःची काळजी. कबुतरांच्या पिसांची आणि सुकलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. खरवडायच्या आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क बांधा, ढाबळ झोपायच्या खोलीच्या खिडकीशी नको. घरात दम्याचा माणूस असेल तर हा नाद घरी करू नये, असं मी स्पष्ट सांगतो. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद झाला, वाद न्यायालयात गेला, तेव्हापासून आपल्याकडेही शेजारी कबूतर म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात. त्यांची भीती खोटी नाही. रस्त्यावर शेकडो पारव्यांना दाणे टाकणं आणि दहा पाखरांची रोज साफ होणारी ढाबळ यांत फरक आहे, पण तो फरक शेजाऱ्याला आपल्या स्वच्छतेतून दिसला पाहिजे.

आता थोडं इतर वाचकांसाठी. आपल्या गच्चीवर, शेतात, उसाच्या फडाजवळ पायात रिंग असलेलं कबूतर थकून उतरलं तर त्याला धरून ठेवू नका, विकू नका. उथळ भांड्यात पाणी आणि मूठभर ज्वारी द्या, मांजर-कुत्र्यापासून जपा. बहुतेक पाखरं एका दिवसात ताजी होऊन निघून जातात. रिंगवर किंवा पंखावर फोन नंबर असेल तर एक फोन करा. चिक्कोडीकडच्या एका शेतकऱ्याने मला असाच फोन केला होता, "पारिवाळ बंदैती री", म्हणजे कबूतर आलंय हो, म्हणून. मला मोडकंतोडकं कन्नड येतं तेवढ्यात निभावलं. त्याने टोमॅटोच्या क्रेटमध्ये पाखरू ठेवलं होतं, वर गोणपाट टाकून, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर सोडलं. दुपारी ते ढाबळीत होतं. त्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही, पण दर दिवाळीला फोन करतो.

रिंग बघून हेरगिरीचा संशय घेणंही पुरे झालं. मे २०२३ मध्ये मुंबईत बंदराजवळ पायात रिंगा असलेलं एक कबूतर सापडलं, रिंगांवरची अक्षरं चिनी वाटली म्हणून ते हेर असल्याच्या संशयावरून आठ महिने अडकून पडलं. शेवटी ते तैवानचं शर्यतीचं पाखरू निघालं आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस सुटलं. समुद्रावरची शर्यत चुकून इथवर आलेल्या जिवाला हे भोगावं लागलं.

आणि मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या सुमारास आपल्याकडे तो मिळतोच. पंखाच्या सांध्यात एकदा हा धागा बसला की पाखरू कितीही फडफडलं तरी तो तुटत नाही, आत रुतत जातो. सोडवायला गेलं तर कातडीसकट येतो. दुचाकीवरच्या माणसाचा गळा यानेच कापतो. पतंग उडवणाऱ्या मुलांनी सुती दोरा वापरावा आणि घरच्यांनी मुलाची फिरकी एकदा स्वतः हातात घेऊन बघावी. ज्यांच्याकडे पिल्लं आहेत त्यांनी संक्रांतीचा आठवडा दार बंदच ठेवावं.

शेवटी माझ्या वयाच्या कबूतरवाल्यांना विनंती. आपण पाखरं विकतो, पिल्लं द्यायला मात्र हात आखडतो. दर हंगामात आपल्या चांगल्या जोड्यांची दोन-चार पिल्लं एखाद्या नव्या मुलाला द्यावीत. त्याची पाखरं घरी येऊ लागली तर आपल्याच भागात शर्यतीला माणसं वाढतील, नाहीतर उद्या सोडायला पेटी आपली एकट्याचीच असेल.

मी माझ्या जोड्या पाऊस थांबल्यावर लावणार आहे, म्हणजे दिवाळीनंतर पिल्लं दाणे टिपायला लागतील. ज्या मुलाची ढाबळ तोवर बांधून तयार असेल त्याला मी चार पिल्लं पैसे न घेता देईन. आधी येऊन ढाबळ बघीन आणि घरातल्या थोरांशी बोलीन. दहावी-बारावीच्या मुलांनी परीक्षा आटोपल्यावर यावं, त्यांच्यासाठी उन्हाळ्याआधीची पिल्लं राखून ठेवतो. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, विचारणाऱ्याला तो द्यावा.

आपला,
एक कबूतरप्रेमी यंत्रमागधारक
वडगाव, बेळगाव